धार हलक्या हाताची

सलूनमधला घडीचा वस्तरा गेला आणि त्याच्याबरोबर त्याला धार लावण्याची विद्याही मागे पडली. आता काही हौशी मंडळी ती घरी बसून नव्याने शिकू लागली आहेत. दगड, पाणी, चामड्याचा पट्टा आणि भरपूर सबुरी, एवढेच त्यांचे भांडवल!

बेंगळुरूच्या पश्चिम भागातले राजाजीनगर म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वसलेले उपनगर. इथे २०१४ पासून मेट्रो धावते, मोठे मॉल आहेत, रस्त्यावर गर्दी आहे. पण या वस्तीची मूळ ओळख कारखान्यांची. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना याच बाजूला होता. आज त्या जागेवर ओरायन मॉल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंच इमारत उभी आहे. जवळच पन्नासच्या दशकात उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आहे. लेथ, ग्राइंडर आणि टूलरूम हे शब्द इथल्या कितीतरी घरांत रोजच्या बोलण्यातले.

टूलरूममध्ये नवा मुलगा कामाला लागला की त्याला पहिला धडा मिळतो तो सपाटीचा. धातूचा तुकडा चकचकीत दिसला म्हणजे तो सपाट असतो असे नाही. सरफेस प्लेटवर निळा रंग अगदी पातळ फासायचा आणि त्यावर तो तुकडा हलकेच फिरवायचा. जिथे रंग लागला, तिथे उंचवटा. तेवढाच खरवडायचा, पुन्हा फिरवायचा, पुन्हा पाहायचे. घाई केली की काम बिघडलेच.

घडीच्या वस्तऱ्याला धार लावायला बसलेल्या नवशिक्याचा पहिला धडाही हाच आहे. फरक एवढाच, की टूलरूममध्ये चूक झाली तर तुकडा भंगारात जातो. इथे गालावर लाल रेघ उमटते!

धोकटीतली विद्या

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची दाढी-हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून बलुते म्हणून धान्य न्यायचे, असा व्यवहार. त्याची सगळी दौलत एका धोकटीत मावत असे. वस्तरा, कात्री, कंगवा, चिमटा, नखे काढायची नराणी, पाण्याची वाटी, हातातला आरसा, धारेचा दगड आणि चामड्याची पट्टी. वारकरी संप्रदायातले संत सेना महाराज याच व्यवसायातले. आपल्या धोकटीतल्या साध्या वस्तूंना त्यांनी अभंगात थेट परमार्थाची रूपके करून टाकले.

धोकटीतल्या इतर वस्तू थोड्याफार सरावाने कुणालाही वापरता येतील. वस्तऱ्याचे तसे नाही. त्याला धार लावता आली तरच तो कामाचा, नाहीतर नुसता लोखंडाचा तुकडा. त्यामुळे धार लावणे हे या व्यवसायाचे अर्धे शिक्षणच होते. ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते. बापाच्या शेजारी बसायचे, त्याचा हात पाहायचा, दगडावरचा आवाज ऐकायचा आणि शिकायचे.

हा हात किती मोलाचा होता, ते १८९० मध्ये मुंबईत दिसले. पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन करण्याची क्रूर रूढी तेव्हा अनेक उच्चवर्णीय घरांत पाळली जात असे आणि ते काम न्हाव्याकडून करून घेतले जाई. महात्मा फुले यांचे सहकारी आणि कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असा निर्धार त्यांनी केला. वस्तरा कुठे चालवायचा हे तर हा कारागीर जाणतच होता. कुठे थांबवायचा, हेही त्याने त्या वर्षी समाजाला दाखवून दिले.

वस्तरा गेला, तो का?

दाढीच्या जगात पहिली मोठी उलथापालथ केली ती अमेरिकेतल्या किंग जिलेट यांनी. बोथट झाले की फेकून द्यायचे पाते आणि त्यासाठी वेगळा रेझर, ही त्यांची कल्पना. १९०३ मध्ये त्यांच्या कंपनीने विकले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरांचा खप ९० हजारांवर गेला! घरच्या घरी दाढी करणे सोपे झाले आणि धार ही दुकानात मिळणारी वस्तू झाली.

आपल्याकडच्या सलूनमध्ये मात्र घडीचा वस्तरा त्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिला. खुर्चीला अडकवलेला चामड्याचा पट्टा आणि त्यावर 'सप् सप्' फिरणारा वस्तरा हे दृश्य आज पन्नाशी-साठीत असलेल्या वाचकांना नक्कीच आठवत असेल. त्याला खरा धक्का बसला तो एड्सच्या भीतीने. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा उघडकीस आली ती १९८६ मध्ये, त्या वेळच्या मद्रासमध्ये. पुढच्या काही वर्षांत जागृतीच्या मोहिमा सुरू झाल्या आणि एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी करण्यातला धोका लोकांना कळू लागला. धोका केवळ एचआयव्हीचा नव्हता. रक्तातून पसरणाऱ्या हेपटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. वस्तरा पाण्यात बुचकळून किंवा फडक्याने पुसून तो मरत नाही.

मग सलूनमध्ये नवा वस्तरा आला. दिसायला जुन्यासारखाच, पण तोंडाशी पाते बसवायची खाच असलेला. साधे दुधारी पाते कागदासकट मधोमध मोडायचे, अर्धे खाचेत सरकवायचे आणि दाढी झाली की टाकून द्यायचे. हा बदल झाला ते उत्तमच झाले. गिऱ्हाईकाचा जीव वाचतो आणि कारागिराचाही. त्याबद्दल हळहळायचे काही कारण नाही.

फक्त या बदलात एक गोष्ट नकळत हातची गेली. पाते फेकायचेच म्हटल्यावर त्याला धार कोण लावणार? १९८५ च्या सुमारास विशीत असलेले आणि दगडावर वस्तरा घासायला शिकलेले कारागीर आज साठीच्या घरात आहेत. त्यांच्यानंतर धंद्यात आलेल्या मुलांना ते शिकण्याची गरजच पडली नाही.

मात्र ज्या कारणाने वस्तरा सलूनमधून गेला, नेमक्या त्याच कारणाने तो घरात राहू शकतो. एक वस्तरा, एकच चेहरा! तो दुसऱ्या कुणाच्या गालाला लागणारच नसेल, तर संसर्गाचा प्रश्न येत नाही. म्हणूनच गेल्या काही वर्षांत जगभर आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही काही जण हा जुना वस्तरा पुन्हा हातात घेऊ लागले आहेत. कुणाला आजोबांच्या ट्रंकेत तो सापडतो, कुणी हौसेने विकत घेतो. आणि तो हाती आला की पहिल्याच आठवड्यात कळते, की दाढी करणे हे त्यातले सोपे काम आहे!

म्हैसूरचे पोलाद, लंडनचा वस्तरा

आजोबांच्या वस्तऱ्यावर बारीक अक्षरांत बहुधा परदेशी गावाचे नाव कोरलेले आढळते, इंग्लंडमधले शेफील्ड किंवा जर्मनीतले सोलिंगेन. परंतु उत्तम पोलादाची ख्याती त्या गावांच्याही आधी आपल्या दक्षिणेकडे होती. म्हैसूर आणि सेलमच्या मुलुखात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला तापवून पोलाद तयार करीत. युरोपात ते 'वूट्झ' या नावाने ओळखले गेले आणि हे नाव कन्नडमधल्या 'उक्कू', म्हणजे पोलाद, या शब्दावरून पडले असे मानतात. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचा नमुना लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवला. तिथल्या जेम्स स्टोडार्ट नावाच्या चाकू-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराला हे पोलाद फार आवडले. पुढे १८२० च्या सुमारास या स्टोडार्टसोबत पोलादावर प्रयोग केले ते कुणी? विजेच्या शोधांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरडे यांनी! वूट्झचे रहस्य शोधता शोधता त्यांनी निरनिराळे मिश्र पोलाद बनवले आणि त्याचे वस्तरे मित्रांना भेट दिले.

शब्दांचा प्रवासही असाच गमतीचा आहे. राजाजीनगरमध्ये धारेचा दगड मागायचा, तर कन्नडमध्ये 'साणेकल्लु' म्हणायचे. त्यातला 'साणे' आणि आपली देवघरात चंदन उगाळायची 'सहाण' ही दोन्ही 'शाण' या संस्कृत शब्दाची लेकरे. शाण म्हणजे धार लावायचा दगड. आपला 'वस्तरा' मात्र फारसीतून आला.

धार म्हणजे नेमके काय?

वस्तऱ्याचे पाते आडवे कापून पाहिले, तर ते एका निमुळत्या पाचरीसारखे दिसेल. वरची बाजू म्हणजे जाड पाठ, खालची बाजू म्हणजे धार. दोन्ही अंगांनी पाते आत खोलगट केलेले असते. असे पाते दगडावर आडवे ठेवले की फक्त दोनच ठिकाणी टेकते, पाठीवर आणि धारेवर. घडवणाऱ्याची सगळी हुशारी इथे आहे. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून धारेचा कोन आपोआप ठरतो आणि तो साधारण १६-१७ अंश भरतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन याच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे वस्तऱ्याला कोन धरावा लागत नाही. पाठ दगडावरून उचलली नाही, एवढे सांभाळले की पुरे.

दोन सपाट उतार जिथे मिळतात, ती रेघ म्हणजे धार. उतार जितके गुळगुळीत, तितकी ती रेघ बारीक. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी असते. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या अवघड वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली, ती उगाच नव्हे.

इतकी कठीण पोलादी धार मऊ केसाने बोथट कशी होते? हे कोडे अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. केस पोलादापेक्षा ५० पट मऊ असतो. पण तो कापला जाताना वाकतो, आणि धारेच्या एखाद्या कमजोर जागी ताण एकवटून तिथला बारीक कपचा उडतो. म्हणजे धार नुसती झिजत नाही, ती कणाकणाने तुटते. म्हणून धार एकदाची लावून भागत नाही, ती राखावी लागते.

दगडावर बसण्याआधी

पुष्कळ नवशिके हार्डवेअरच्या दुकानातला काळा कार्बोरंडमचा दगड आणतात आणि वस्तरा त्यावर खरखरून टाकतात. तो दगड कोयत्या-सुऱ्यांसाठी ठीक आहे, वस्तऱ्यासाठी फार खरबरीत. सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे वस्तरा नेणे त्याहून वाईट. फिरत्या सहाणेवर पातळ धार क्षणात तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. धारेवर निळसर छटा दिसली की समजावे, तेवढा भाग मऊ पडला. तो घासून काढून टाकण्याशिवाय इलाज नाही.

वस्तऱ्यासाठी पाण्यावर वापरायचे बारीक दगड मिळतात. त्यांना नंबर असतात आणि नंबर जितका मोठा, तितके दगडाचे कण लहान. एक हजार नंबरच्या दगडाचे कण साधारण १० ते १५ मायक्रॉनचे, आठ हजार नंबरचे एक-दोन मायक्रॉनचे. घरगुती शिक्षणाला एक हजार, चार किंवा पाच हजार, आठ हजार आणि जमल्यास बारा हजार, असे तीन-चार दगड पुरतात. बेल्जियमचा पिवळसर दगड, जपानमध्ये क्योतोच्या आसपासच्या खाणींतले दगड, अमेरिकेतल्या आर्कान्सासचा दगड हे नैसर्गिक दगड जगप्रसिद्ध आहेत, पण ते पुढची हौस म्हणून ठेवावेत. शिकायला कारखान्यात बनवलेले दगड बरे, कारण त्यांचा पोत एकसारखा असतो.

दगड आणला की आधी त्यालाच सपाट करायचे. नवा दगड सपाट असतो, हा गैरसमज! पेन्सिलने त्यावर चौकटी आखाव्यात. जाड काचेवर ओला वॉटर पेपर पसरून त्यावर दगड घासावा. पेन्सिलीच्या सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट. मध्ये रेघा उरल्या तर तिथे खळगा आहे. राजाजीनगरच्या टूलरूममधला निळा रंग आणि ही पेन्सिल यांचे काम एकच. सपाटीची आणखी एक जुनी युक्ती इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये मांडली. तीन पृष्ठभाग आलटून पालटून एकमेकांवर जुळवत गेले तर तिन्ही सपाट होतात. दोनच घेतले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते एकमेकांत नीट बसतात आणि आपल्याला फसवतात.

दगडावरचा हात

आता वस्तरा. काम सुरू करण्यापूर्वी मार्कर पेनाने धारेच्या दोन्ही उतारांवर रंग फासावा. एक हजार नंबरच्या ओल्या दगडावर पाते आडवे ठेवावे, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. मग धार पुढे ठेवून पाते ढकलावे, जणू दगडावरची साय अलगद काढायची आहे. दगडाच्या टोकाला पोचले की पाते पाठीवर पालथे करावे आणि दुसऱ्या बाजूने परत आणावे. पालथे करताना धार दगडाला कधीही टेकू द्यायची नाही. पाते दगडापेक्षा रुंद असेल, तर ढकलताना ते थोडे तिरके सरकवावे, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते.

आठ-दहा वेळा फिरवून झाले की मार्करचा रंग पाहावा. रंग जिथे उरला, तिथे दगड पोचलाच नाही. टाचेकडे आणि टोकाकडे असे हमखास होते. इथे नवशिक्याचा तोल जातो. उरलेला रंग घालवायला तो बोटाने दाब देतो. पाते पातळ असते, दाबाने ते वाकते. मग धार एकीकडे जास्त घासली जाते आणि दुसरीकडे तशीच राहते. पुन्हा दाब, पुन्हा वाकणे! महिन्याभरात सरळ धारेला बाक येतो. झिजलेले पोलाद काही परत येत नाही. आजोबांनी तीस वर्षे पुरवलेला वस्तरा नातू तीन रविवारांत संपवू शकतो, तो असा.

यावर उपाय म्हणजे संयम. पहिल्या दगडावर थोडा दाब चालतो, पुढच्या प्रत्येक दगडावर तो कमी करत न्यायचा. शेवटच्या दगडावर फक्त पात्याचे स्वतःचे वजन. बोटे केवळ दिशा दाखवायला. एक हजार नंबरचे काम पुरे झाले की धार टाचेपासून टोकापर्यंत हाताच्या मनगटावरचे केस सहज काढते. ही परीक्षा पास झाल्याशिवाय पुढच्या दगडाकडे वळू नये. बारीक दगड धार घडवत नाही, आधीच्या दगडाचे ओरखडे फक्त पुसतो. पाया कच्चा ठेवून कळस चढवायला गेले, की नंतर दाढी म्हणजे बिनपाण्याने हजामत!

पुढचे दगड क्रमाने घ्यावेत. प्रत्येक दगडापूर्वी पाते आणि हात धुवावेत, नाहीतर जाड कण बारीक दगडावर येतात. शेवटी एक गळालेला केस दोन बोटांत धरून लोंबता ठेवावा आणि हलकेच धारेला लावावा. तो आवाज न करता तुटला, तर काम फत्ते. नाही तुटला तर निराश होऊ नये. पहिल्या महिन्यात तो कुणाचाच तुटत नाही.

चामड्याचा पट्टा

दगड काही महिन्यांतून एकदा, पट्टा मात्र दर दाढीला. पट्ट्याला सहसा दोन पदर असतात, एक जाड कापडाचा आणि एक चामड्याचा. आधी कापडावर, मग चामड्यावर पाते फिरवायचे. इथे दिशा उलटी होते. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. हे विसरले की पट्टा कापला जातो, आणि प्रत्येक नवशिक्याच्या पहिल्या पट्ट्यावर अशी एक तरी खूण असतेच. पट्टा ताणून धरावा. ढिला धरला तर तो धारेभोवती वळतो आणि धार गोल होते. तीसेक फेऱ्या पुरतात. वेग नको. सलूनमधल्या कारागिराचा वेग हा त्याच्या वर्षांचा वेग आहे, तो उसना घेता येत नाही.

दाढी झाली की पाते स्वच्छ धुवून पूर्ण कोरडे करावे. जुने वस्तरे साध्या कार्बन पोलादाचे, त्यांना गंज फार लवकर चढतो. बेंगळुरूच्या मानाने मुंबई-कोकणच्या दमट हवेत अधिक जपावे लागते. बरेच दिवस वापरायचा नसेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुसून ठेवावा.

नवशिक्याने हे सांभाळावे

• शिकायला स्वस्त वस्तरा घ्यावा. आजोबांचा वस्तरा हात बसल्यावर.

• वस्तरा हातातून निसटला तर तो झेलायला जाऊ नये. पडू द्यावा.

• मुले घरात असतील तर दगडाचे काम ती झोपल्यावर. वस्तरा कुलपातच ठेवावा.

• घरातल्या दुसऱ्या कुणालाही, अगदी भावालाही, आपला वस्तरा वापरू देऊ नये.

• मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

• पाते चिरले असेल किंवा गंज धारेपर्यंत पोचला असेल तर तो वस्तरा आठवण म्हणून जपावा, गालाला लावू नये.

• पहिले काही दिवस फक्त गालांचीच दाढी. हनुवटी आणि ओठावरचा भाग नेहमीच्या रेझरने.

शिकवणारे अजून आहेत

या सगळ्या खटाटोपाचा फायदा काय, असा प्रश्न घरातली मंडळी विचारणारच. चार पैसे वाचतील म्हणून कुणी हे करू नये, कारण दगड, पट्टा आणि चांगला वस्तरा यांचा खर्च हजारांत जातो. वेळही वाचत नाही. दररोज सकाळी ऑफिसची घाई असणाऱ्याने हा उद्योग रविवारवरच ठेवावा. पण बोथट झाले की फेका, या सवयीच्या दिवसांत एक वस्तू स्वतःच्या हातांनी पुन्हा कामाची करता येणे, यात वेगळे समाधान आहे. शिवाय हात बसलेला माणूस स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि विळीकडेही आपणहून वळतो, हा घरच्यांचा फायदा!

पुस्तकी वर्णन वाचून दाब किती द्यायचा हे मात्र कळत नाही. ते दुसऱ्याच्या हातावर हात ठेवूनच कळते. टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर सपाटी शिकवू शकतात, आणि वस्तरा शिकवू शकतात ते सलूनमधले जुने कारागीर. आपल्या गल्लीतल्या सलूनमध्ये पिकल्या केसांचे असे कुणी काका असतील, तर दुपारच्या निवांत वेळी त्यांना जरूर विचारावे. त्यांच्या तासाभराचे पैसे न मागता द्यावेत. कदाचित कपाटाच्या मागून मधोमध झिजलेला एखादा दगडही निघेल. तो कसा धरायचा, पाणी किती घ्यायचे, आवाज कधी बदलतो हे त्यांच्या बोटांना अजून ठाऊक आहे, आणि विचारणारा भेटला तर ते सांगण्याजोगे आहे.